चित्र चारशे बारा

माणूस जातो, त्याचं कार्य मात्र अमर राहतं. माझी बायको गेली आणि 'चित्र चारशे बारा' या नावाने अमर झाली.

ती वाचनालयात काउंटरवर होती. वाचनालयाने आपल्या वेबसाइटवर तिचा फोटो टाकला, खाली श्रद्धांजली. तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, जन्मापासून आंधळा. त्याचा फोन पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवतो. श्रद्धांजली फोनने घडाघडा वाचली. बोट फोटोवर आलं तेव्हा म्हणाला, "चित्र चारशे बारा."

"दाजी, ताईचा नंबर लागला म्हणायचा," मेहुणा म्हणाला.

मी हसलो नाही. ती गेल्यापासून मला काही होतच नव्हतं. भूक नाही, रडू नाही. दाढी तेवढी इमानाने वाढत होती.

"मला तो फोटो हवाय," तो म्हणाला. "कोण कसं दिसतं, सगळं तीच सांगायची मला. स्वतःचं विचारलं की म्हणायची, 'बरी दिसते.' बास."

मी वाचनालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला.

"अगंबाई, फोटोच्या वर्णनाचा रकाना रिकामाच राहिला की! म्हणून फोन नुसता नंबर वाचतोय. काका, तुम्हीच एक ओळ पाठवा, लगेच टाकते. फक्त दिसतं तेवढंच लिहा हं."

मी लिहिलं आणि मेहुण्याला वाचून दाखवलं : "ज्ञानमंदिरात अखंड तेवणारी शांत, प्रसन्न ज्योत."

"वाचनालयात ज्योत? आग लावायचीय का?" तो म्हणाला. "आणि शांत कोण? आमची ताई? दाजी, फोटो दुसऱ्याच बाईचा नाही ना?"

मग मी चष्मा पुसून फोटो पाहिला. भिंतीवरचा डाग पाहावा तसा.

"काउंटरमागे उभी आहे. एक हात खणात. चष्मा कपाळावर."

"म्हणजे चष्माच शोधतेय."

"स्वेटरचं बटण चुकलंय. एक बाजू वर, एक खाली."

"हे तिने मला कधी सांगितलं नाही," तो खूश होऊन म्हणाला. "बघतेय कुणाकडे?"

"फोटो काढणाऱ्याकडे."

"काढला कोणी?"

"मी."

"मग कशी बघतेय?"

"'आता आवरा' अशी."

"हां," तो म्हणाला. "ही ताई. घाला हे."

मी तसंच पाठवलं. थोड्या वेळाने बाईंचं 'टाकलं काका' आलं. मेहुण्याने फोन टेबलावर ठेवला, बोट फोटोवर टेकवलं. बसचा पुढचा थांबा सांगावा अशा आवाजात फोन म्हणाला :

"चित्र. काउंटरमागे उभी बाई. एक हात खणात. चष्मा कपाळावर. स्वेटरचं बटण चुकलेलं. नजर : आता आवरा."

मी उठलो. टेबलावर कधीपासूनचे कप साचले होते. ते उचलले आणि मोरीपर्यंत नेण्याऐवजी हातात धरून तिथेच उभा राहिलो. मेहुण्याने पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तेच, त्याच आवाजात. मला आता काहीतरी होईल असं वाटलं.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "उठलाच आहात, तर तेवढा पंखा बारीक करा."