माझ्या तळाशी उरलेला भात

मी एक जुना कुकर आहे. माझी मूठ सैल झाली आहे, रबर दोनदा बदललं आहे आणि शिट्टी तिच्या मनात येईल तेव्हा वाजते. पण मित्रांनो, माझी खरी खोड वेगळीच आहे. मला चौकशा फार. आत काय पडलं, कोणी किती घेतलं, काय उरलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कारखान्यात पत्र्याच्या चकतीला दाबून मला आकार दिला गेला. पुढे बरीच वर्षं मी एका घरात डाळ-भात शिजवला. पाहुणे म्हणायचे, "भात काय मोकळा झालाय!" कौतुक मात्र घरच्या बाईंचं व्हायचं. मग नवा चकचकीत कुकर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मला फार वाईट वाटायचं. घरातली लेक कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा कुठे कोणाला माझी आठवण आली.

लेक लांब पल्ल्याची धावपटू होती. कॉलेजच्या संघात जागा मिळवायची, हा एकच ध्यास. तिच्या खोलीत हिशेबाचं शिक्षण घेणारी एक मैत्रीण राहायची. ती इतकं कमी खायची, की सगळे तिला चिमणीच म्हणत. दोघींनी ठरवलं, जेवणाचा खर्च अर्धा-अर्धा. बाजारहाट चिमणीकडे, आणि चिमणी पक्की काटकसरी.

मला एक कोडं पडलं. मैदानावरून घामाघूम होऊन येणारी लेक ताटात चिमणीएवढाच भात घ्यायची.

"बास?" चिमणी विचारायची.

"बास गं, पोट भरलं."

चिमणी वर्गाला गेली, की लेक हळूच माझं झाकण उघडायची, तळाशी उरलेल्या भाताकडे बघायची आणि झाकण परत लावायची. भूक तर डोळ्यांत दिसत होती. मग घोडं अडलं कुठे?

इकडे चिमणी म्हणू लागली, "रोज भात उरतोय, उगाच कशाला एवढा टाकायचा?" तिने तांदूळ कमी केला, मग डाळ, मग अंडी. लेक प्रत्येक वेळी मान डोलवायची. मी रागाने दोन शिट्ट्या जास्त दिल्या, पण कुकरचं बोलणं कोण मनावर घेतं?

संघनिवड तोंडावर आली आणि लेक सरावात मागे पडू लागली. एका सकाळी ती मैदानावरच चक्कर येऊन पडली. सराव घेणाऱ्या मॅडम तिला खोलीवर घेऊन आल्या. तिला पाणी पाजून त्यांनी थेट माझंच झाकण उघडलं.

"हे दोघींचं?"

"हो, यातलंही उरतं," चिमणी म्हणाली.

"काय गं, घरीही एवढंच खायचीस?"

लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "ती एवढंसं खाते, मॅडम. पैसे दोघींचे सारखे. मी पोटभर खाल्लं तर तिच्या पैशांचं खाल्ल्यासारखं होईल."

"मग जास्त पैसे घाल."

"ते बुटांसाठी बाजूला ठेवते. निवडीला नवे बूट हवेत ना?"

"बुटांना भूक लागत नाही. जुने शिवून घे."

चिमणीचा चेहरा पडला. "अगं वेडे, उरतंय म्हणून तर मी कमी करत गेले! एकदा बोलायचंस तरी!"

हेच ते कोडं! दोघी एकमेकींचा विचार करत होत्या आणि मी मात्र रिकामा होत चाललो होतो.

त्याच दिवशी चिमणीने सगळं नव्याने मांडलं. जेवणात आणि खर्चातही लेकीचे दोन वाटे, तिचा एक. सरावाच्या दिवसांची डाळ, अंडी आणि केळी आधी, बाकीचं त्यातून उरलं तर. तयार खाऊची पाकिटं बंद. बूट यादीत सगळ्यात खाली गेले.

शिवलेले बूट घालून लेक धावली. संघातली अगदी शेवटची जागा तिला मिळाली, पण मिळाली.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जरूर घासून-पुसून ठेवा. त्याहून एक मोठी विनंती आहे. भूक असेल तर लाजून 'बास' म्हणू नका, आणि वाढणाऱ्यांनो, आणखी एकदा विचारत जा.

निवड झाली त्या दुपारी लेकीने ताट पुढे केलं. "अजून आहे का गं?"

चिमणीने आत डोकावून पाहिलं. माझ्यात एक शीतही नव्हतं. ती हसली, तिने तांदूळ धुतले आणि मला पुन्हा गॅसवर ठेवलं.