वेशीतून आत

शांतम्मा महिन्याकाठी औशाहून बसने लातूरला यायची, ती आपल्या घरी जायला. घर अंबरीशच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होतं.

भूकंपानंतर नव्या गावांचे नकाशे काढायच्या कामावर अंबरीश लागला, तेव्हा पोरसवदाच होता. दिवसभर सरळ, रुंद रस्ते आखायचे आणि संध्याकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून शांतम्माचं पडलेलं गाव काढत बसायचं, हा उद्योग त्याला कुणी सांगितला नव्हता. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. क्लासेसच्या इमारती आणि पोरांची होस्टेलं काढता काढता त्याचे केस पिकले, तरी ते गाव त्याने कागदावरून लॅपटॉपवर उतरवून जपलं.

लॅपटॉप असा मठ्ठ, की नकाशा उघडेपर्यंत चहा थंड व्हावा. आधी वेस उमटायची, मग पार, मग एकेक गल्ली. शांतम्मा पदर सावरून रेघेबरोबर चालू लागायची. ही गुरुलिंगची भिंत, हा मठ, इथे चप्पल काढायची. अंबरीशलाही मग ओल्या सारवणाचा वास यायचा, कुणाच्या तरी चुलीचा धूर डोळ्यांत जायचा. शेवटी तिचं दार. नवरा आणि लेक त्या पहाटे त्याच दाराआड राहिले होते. तिथे ती घटकाभर बसायची आणि हलकी होऊन परत जायची.

पण लॅपटॉप मधेच मान टाकू लागला. हे बंद पडल्यावर मी कुठून जाऊ, असं तिने एकदा विचारलं. त्याने नवा लॅपटॉप आणला. नकाशा त्यात हलवला, पण जुनं सॉफ्टवेअर नव्याच्या पचनी पडेना. ते कसंबसं बसवलं, तर नावांच्या जागी नुसते चौकोन. जुना फॉन्ट टाकला तेव्हा कुठे माणसं आपापल्या दारात परत आली. अंबरीश स्वतःवरच खूश झाला.

शांतम्मा आली. त्याने ऐटीत बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत सगळं गाव समोर.

तिने टेबल घट्ट धरलं. चेहरा पांढराफटक पडला.

"एका झटक्यात गेलं होतं रे," ती म्हणाली. "एका झटक्यात आणू नगंस."

अंबरीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सगळं गाव झाकून पडदा कोरा केला. नशीब, प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक घर त्याने वेगळं काढून ठेवलं होतं, हवं ते दाखवता येत होतं.

"कुठनं जायचं, अम्मा?"

"वेशीतनं."

त्याने वेस दाखवली आणि थांबला. ती म्हणाली, पार. त्याने पार दाखवला. ती सांगेल तशी एकेक गल्ली उघडत दोघं सावकाश चालत गेली. मठापाशी तिने खरोखरच चप्पल काढली. बाहेर क्लास सुटून पोरांच्या सायकली वाजत होत्या, त्याही लांबच्या ओढ्यासारख्या वाटल्या.

तिचं घर तेवढं राहिलं. आजवर ते दार आपसूक उघडायचं, आज तिनेच सांगायला हवं होतं. ती कितीतरी वेळ कोऱ्या जागेकडे पाहत राहिली. अंबरीशने घाई केली नाही.

"उघड, लेकरा," ती अखेर कुजबुजली. "पण हळू. निजल्यात दोघं."

अंबरीशने आवाज न करता बटण दाबलं.