सोबत कोण?

“सोबत कोण आहे?” काचेमागच्या सिस्टरनं विचारलं.

“मी हाय की,” कस्तुराबाई म्हणाली.

सिस्टरनं कागदावरची नजर वर केली. “मावशी, कस्तुराबाई कोंडीराम म्हणजे तुम्हीच ना? ऑपरेशन तुमच्या डोळ्याचं आहे. तुमच्यासोबत कोण आलंय?”

रांगेत मागं कुणीतरी हसलं. कस्तुराबाईलाही स्वतःचं हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. पस्तीस वर्षं तिनं या प्रश्नाचं हेच उत्तर दिलं होतं. तेरमधून धाराशिवला, सोलापूरला, कधी लातूरला, ज्याला म्हणून दवाखान्याची पायरी चढावी लागली त्याच्याबरोबर कस्तुराबाई असायची. पहिलटकरणी, हात मोडून घेतलेली पोरं, मोतीबिंदूवाले म्हातारे. केसपेपर कोणत्या खिडकीत निघतो, एक्स-रेवाला जेवायला कधी उठतो, कोणत्या सिस्टरला ताई म्हटलेलं चालतं आणि कोणतीला मॅडमच लागतं, हे सगळं तिला पाठ होतं. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरामागच्या खोलीत ती राहायची. गावातल्या बाकी माणसांना सुगी असायची, पोरांच्या शाळा असायच्या, भीती वाटायची. कस्तुराबाईला यातलं काही नसतं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. एक पिशवी तिच्याकडं कायम भरलेली असायची. चादर, तांब्या, टॉवेल आणि शेंगदाण्याची चटणी. आज तीच पिशवी काखोटीला मारून ती पहिल्या एसटीनं धाराशिवला आली होती.

सोबत कुणी नाही, मला इथलं सगळं माहीत आहे, सही मीच करते, असं तिनं सांगून पाहिलं. सिस्टरनं ऐकलं नाही. पेशंटची सही वेगळी, नातेवाइकाची वेगळी. नातेवाईक नसेल तर पुढच्या महिन्यातली तारीख घ्या.

हेही कस्तुराबाईला माहीत होतं. रांगेतल्या कुणालातरी गळ घालून सही करून घ्यायची, असं ती घरून ठरवूनच आली होती. तिनं स्वतः किती अनोळखी लोकांसाठी अशा सह्या केल्या होत्या. तिनं मागं वळून पाहिलं. डाव्या डोळ्याला माणसं दिसत होती, उजव्याला नुसता दुधासारखा उजेड. त्या उजेडातून आवाज आला.

“मी आहे. कागद इकडं द्या.”

निकिता होती. शेजारच्या अनसूयावहिनींची एकुलती एक मुलगी, पुण्यात बँकेत नोकरीला. आईला जाऊन चार महिने झाले होते आणि घर आवरायला म्हणून ती आठ दिवसांची रजा काढून आली होती. तिला कळू नये म्हणूनच तर कस्तुराबाई साडेसहाची एसटी गाठून पसार झाली होती.

“तुला कुणी सांगितलं?”

“दूधवाल्यानं.”

“त्येच्या तोंडात तीळ भिजत न्हाय,” कस्तुराबाई पुटपुटली.

निकितानं कागद भरायला घेतला. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं तशी कस्तुराबाई म्हणाली, शेजारीण लिही. आतून सिस्टर म्हणाली, शेजारीण चालत नाही. निकितानं वर न बघता एक शब्द लिहिला आणि कागद आत सरकवला.

“मुलगी. बरं,” सिस्टरनं वाचलं. “मुलीचा फोन नंबर इथं टाका.” आणि तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या एका शब्दाची कस्तुराबाईला भीती वाटली. ऑपरेशनचीही तेवढी वाटली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी सोलापूरच्या दवाखान्यात अनसूयावहिनींच्या उशाशी तीच होती. छातीत दुखायला लागलं म्हणून दुपारी त्यांना नेलं होतं. पोरीला उगीच घाबरवू नका, सकाळी कळवा, असं वहिनींनीच बजावलं होतं. पहाटे तब्येत खालावली तेव्हा कस्तुराबाईनं फोन केला आणि निकिता पुण्याहून निघाली. उजाडता उजाडता वहिनींनी डोळे मिटलेलेच असताना विचारलं, “निकू, आलीस?” आणि कस्तुराबाईच्या तोंडून निघून गेलं, “आले.” आठ वाजता वहिनी गेल्या. दहा वाजता निकिता पोचली, तेव्हा कस्तुराबाईनं तिला सांगितलं की त्या झोपेतच गेल्या, काही बोलल्या नाहीत.

पोटच्या पोरीची जागा तिनं घेतली होती आणि त्या पोरीला पत्ता लागू दिला नव्हता. सांगावं तर ही आपल्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. न सांगावं तर तिच्यासमोर घास उतरत नव्हता. आणि दवाखान्यातल्या बाकाचा गुण कस्तुराबाईइतका कुणाला ठाऊक असणार? चार तास शेजारी शेजारी बसलं की एक जण नको ते विचारतो आणि दुसरा नको ते सांगून बसतो.

रक्तदाब झाला, साखर झाली. उजव्या भुवईवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लागला, डोळा चुकू नये म्हणून. मग दोघी बाकावर बसल्या. दर दहा मिनिटांनी सिस्टर येऊन डोळ्यात थेंब टाकून जायची. पलीकडं मुरूमकडचे वीरप्पा बसले होते. सत्तरीचे, पहिलवानासारखे आडदांड.

“मावशी, सुई काय डोळ्यातच मारत्यात?”

“डोळ्यात न्हाय वो. कडंला. मुंगी चावल्यावानी हुतंय.”

“तुमी कितींदा केलाव?”

“म्या कधीच न्हाय केलं. पर पन्नास जणास्नी करायला लावलं.”

वीरप्पांनी मान फिरवून तिच्याकडं नीट पाहिलं. “म्हणजे सोसणारा वेगळा आन् सांगणारा वेगळा,” ते म्हणाले.

निकिता हसली. आई गेल्यापासून तिला हसताना कस्तुराबाई पहिल्यांदाच ऐकत होती. तिला बरंही वाटलं आणि जास्तच अवघडल्यासारखंही झालं.

पण निकितानं काही विचारलं नाही. ती घर आवरण्याबद्दलच बोलत राहिली. आईच्या कपाटात ब्लाउजपीसांचा हा एवढा ढीग निघाला, आणि प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, कुणी दिला, कोणत्या कार्यात दिला. आहेर फिरून त्याच घरी जाऊ नये म्हणून, असं कस्तुराबाईनं सांगितलं. एकदा तसा गेला होता, आणि वहिनी पुढं वर्षभर त्या घरासमोरून खाली मान घालून जात होत्या. निकितानं त्यातले तीन बाजूला ठेवले होते. कस्तुराबाईसाठी. त्यांच्या चिठ्ठ्या काढल्या नव्हत्या. तिचं हे सगळं बोलणं कस्तुराबाई जीव मुठीत धरून ऐकत होती. प्रत्येक वाक्यानंतर तिला वाटायचं, आता विचारेल. निकितानं विचारलं ते एवढंच, की पाणी हवं का.

नाव पुकारलं. हिरवा झगा चढला, केस टोपीत गेले. निकिता दारापर्यंत आली आणि तिथं सिस्टरनं तिला थांबवलं. असल्या दारांशी कस्तुराबाई आजवर किती जणांचा हात सोडून थांबली होती. मी हितंच हाय, कुठं जात न्हाय, असं ती दर वेळी सांगायची. आता निकिता म्हणाली, “मी इथंच आहे, काकू.” आणि दार लागलं. पस्तीस वर्षांत कस्तुराबाई पहिल्यांदाच दाराच्या आतल्या बाजूला होती.

आत गार होतं. सुई मुंगीसारखी नव्हती. वीरप्पांना आपण थाप मारली, हे तिला कळून चुकलं. मग तोंडावर कापड आलं, कापडाला एक भोक, आणि भोकातून नुसता प्रकाश, कधी पांढरा, कधी जांभळट. डोळ्यावरून पाणी वाहत असल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर कुणालातरी डब्यात काय आहे ते विचारत होते. दुखत नव्हतं. पण हात मात्र तिच्या नकळत काहीतरी चाचपत होता. टेबलाची लोखंडी कड सापडली, ती तिनं घट्ट धरली. काही होत नाही असं सांगून आपण इतक्यांना आत पाठवलं. आत काय होतं ते बाहेर आल्यावर कुणाला विचारलं नाही. बाहेर आपलं कुणीतरी बसलंय, एवढ्या एका गोष्टीवर माणूस इथं पडून राहतं. तिनं कड सोडली नाही. वीस मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, झालं आजी. तोवर तिचं ठरलं होतं. सांगायचं.

डोळ्यावर पट्टी आणि त्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी घेऊन ती बाहेर आली, तेव्हा वीरप्पांचा नंबर लागला होता. उठता उठता त्यांनी तिला विचारलं, “मुंगीच ना?”

“मुंगीच,” कस्तुराबाई म्हणाली. वीरप्पा आत गेले. निकिता तिच्याकडं बघत होती.

चहा आणि दोन बिस्किटं खाऊन, औषधांची चिठ्ठी घेऊन त्या निघाल्या. निकिता गाडी सावकाश चालवत होती. चारच्या सुमाराला त्या तेरला पोचल्या. दिराच्या घरी चूल पेटायची वेळ झाली होती आणि डोळ्याला धूर चालणार नव्हता. निकितानं तिला सरळ आपल्या घरी नेलं, आईच्या पलंगावर भिंतीला टेकवून बसवलं आणि मऊ भात, वर वरण-तूप, असं ताट समोर ठेवलं. कस्तुराबाईनं दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

“बस जरा. तुला म्या खोटं सांगितलं हुतं.”

निकिता पलंगाच्या कडेला, डाव्या अंगाला बसली. त्या बाजूच्या डोळ्याला तिचा चेहरा दिसत होता.

“वहिनी बोलल्या हुत्या. निकू, आलीस का, म्हणल्या. म्या आले म्हणलं. तुझ्या नावानं.”

बाहेर नळाला पाणी आलं होतं. कुणाचीतरी घागर भरून वाहत होती.

“मग?” निकितानं विचारलं.

“मग म्हणल्या, जेवलीस का. जेवले म्हणलं. मग माझा हात धरला.” कस्तुराबाई थांबली. पुढचं तिनं चार महिन्यांत स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. “हात चाचपला अन् म्हणल्या, किती खरबरीत झाले गं हात तुझे, लई काम करतीस. मला वाटलं, वळखतेत आता. हा हात तुझा न्हाय हे कळंल त्यांना. म्हणून म्या काढून घेतला. पदराखाली घातला. त्यांचा तसाच राहिला पलंगावर, उघडा. पुन्हा काही बोलल्या न्हाईत.”

निकितानं स्वतःचा तळवा उलटून पाहिला.

“तुझं नाव घेतलं, त्याचं मला तेवढं न्हाय वाटत. हात काढाया नको हुता.”

निकिता उठली. आता ती आतल्या खोलीत जाईल, उद्या पुण्याला जाईल. कस्तुराबाईनं मनाची तयारी केली. पावलं पलंगाला वळसा घालून गेली आणि उजव्या बाजूला गादी दबली. निकिता पट्टीच्या बाजूला येऊन बसली होती. तिथून ती दिसणार नव्हती.

“जेवले म्हणालात ते बरं केलंत,” निकिता म्हणाली. “नाहीतर उठून भात टाकायला निघाली असती ती.”

बोलता बोलता तिचा आवाज मध्येच फाटला. नंतर नुसता श्वास ऐकू येत राहिला, अडकत, थांबत.

कस्तुराबाईनं मान वळवली नाही. माणसाकडं कोणत्या वेळी बघू नये, हे इतक्या वर्षांत तिला कळलं होतं. समोरच्या भिंतीकडं एका डोळ्यानं पाहत तिनं उजवा हात गादीवर ठेवला, तळवा वर करून. बऱ्याच वेळानं त्या तळव्यावर निकिताचं कपाळ टेकलं. गरम होतं, आणि ओलं. हाताला रग लागली, खांदा भरून आला, ताटातला भात गार झाला. तिनं हात हलवला नाही.