तांबडीच्या कानातलं बिऱ्हाड

"जाऊबाई, तुमच्या तांबडीच्या कानात गोचिडांनी बिऱ्हाड थाटलंय. भाडं तरी घेता का?"

सकाळी सकाळी कुंपणावरून मी हे विचारलं तेव्हा हातात खराटा होता, आणि जीभही त्याच जातीची. थोरल्या जावेचा गोठा नि माझा गोठा, मध्ये काट्यांचं कुंपण. घातलं होतं गुरांसाठी, पण त्याचा फायदा आम्ही दोघीच जास्त घ्यायचो. माझा गोठा म्हणजे आरसा. दूध न्यायला आलेली बाई दारात थबकून विचारायची, चप्पल बाहेर काढू का? आणि मी 'राहू द्या' म्हणायला अंमळ वेळच लावायची.

"तुझ्या बांडीच्या शेपटीखाली बघ जा आधी," जाऊ म्हणाली.

बघितलं होतं. म्हणूनच तर कुंपणाशी आले होते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात लेकीला ताप भरला. बांडीच्या वासराच्या गळ्यात पडल्याशिवाय शाळेची वाट न धरणारी पोर, डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली. तिचे बाबा ट्रक घेऊन लांब गेलेले. मी तिला दवाखान्यात नेलं, सोबतीला जाऊ आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिवताप नाही, टायफॉइड नाही.

"घरी गुरं आहेत? त्यांच्या अंगावर गोचीड?"

मागच्या बाकावर माझी दुधाची दोन गिऱ्हाइकं बसलेली, कान टवकारून.

"गुरं आहेत. पण आमच्या गोठ्यात माशीसुद्धा पाय पुसून येते."

बाक हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या आणि तापाचं साधं औषध दिलं. आपण काय झकास बोललो, या आनंदात मी घरी आले. पोर तापलेली ती तापलेलीच, पण माझी मान ताठ.

दोन दिवसांत तिच्या मनगटांवर लाल ठिपके उठले. मग तळहातांवर, तळपायांवर. वासरू दाराशी आणून बांधलं. त्यानं हंबरून अंगण डोक्यावर घेतलं, तरी तिनं मान वळवली नाही. तेव्हा मात्र मी खराटा हातात घेऊन नुसतीच आत-बाहेर करू लागले. जाऊ आली, ठिपके बघितले, पोरीला खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "चल. खराटा ठेव तो."

डॉक्टरीणबाईंनी तळहात उजेडात धरला. या वेळी हसल्या नाहीत.

"बाई, नीट आठवून सांगा. हा गोचिडाचा ताप वाटतोय मला. तपासणी बाहेरगावी पाठवावी लागेल, तोवर थांबणं बरं नाही. ही गोचिडाच्या जवळ आली होती का?"

बाक भरलेला. लेक तापानं कण्हतेय, आणि मी गोठ्याच्या अब्रूला वारा घालतेय.

"आली होती की," जाऊ म्हणाली. "माझ्या गोठ्यात गोचीड आहेत. पोर दिवसभर तिथंच असते."

साफ खोटं. लेक कुंपणापलीकडे कधी जातच नसे. मीच बंदी घातली होती, तिकडे गोचीड चावतील म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिलं, पहिला डोस समोरच पाजला. मग जावेला म्हणाल्या, "गुरांच्या डॉक्टरांना निरोप देते. दोन-तीन दिवसांत येऊन फवारणी करतील. एकच गोठा ना?"

"एकच."

खरं तर इथं सगळं मिटलं होतं. औषध लेकीला, अब्रू मला, बदनामी जावेला. इतका फायद्याचा सौदा मी जन्मात केला नव्हता. पण लेक बरी होणार, आणि उठल्या उठल्या आधी वासराच्या गळ्यात पडणार.

"दोन," मी म्हणाले.

"काय दोन?"

"गोठे. माझ्याही गाईवर आहेत. शेपटीखाली. वासरावरपण."

"जरा मोठ्यानं सांग की," जाऊ म्हणाली. "मागच्या बाकाला ऐकू गेलं नाही."

सांगितलं मोठ्यानं. बाक हसला नाही. उलट एक गिऱ्हाईक बाई उठून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "आमच्या भाकड म्हशीला पण आहेत हो. आमच्याकडेही सांगता का फवारायला?"

औषध लागू पडलं. ताप उतरला, ठिपके फिकटले आणि लेकीनं पहिल्यांदा हाक मारली ती वासरालाच. मला नाही.

गुरांचे डॉक्टर आले. माझ्या बांडीखाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मग पलीकडे गेले, तांबडीचा कान उलटा करून बघितला.

"हिला काही नाही. कानात चामखीळ आहे, जुनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून आवाज आला, "काय गं, उठलं का तुझ्या बांडीवरचं बिऱ्हाड? भाडं बुडवून गेले असतील."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि चांगलं होतं. पण लेक कुंपणापलीकडे जावेच्या मांडीवर बसून केस विंचरून घेत होती, खिदळत होती. मी खराटा भिंतीला टेकवला, आणि बांडीची शेपटी उचलून पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.