पाठीवरचा वाकडा बारा

मी एका गोलरक्षकाचा शर्ट बोलतोय. काचेच्या आतून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येईल, पण कान देऊन ऐका. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. उड्या मारायला जन्मलेल्याला पिना टोचून उभं केलंय, मग जीव कसा थाऱ्यावर राहणार?

एका मोठ्या कारखान्यात मी शिवला गेलो. गडद हिरवा रंग, गळ्यात लेबल, छातीवर क्लबचा भरतकाम केलेला बिल्ला. माझ्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच भावंडांच्या पाठीवर तिथंच आकडे चढले. आम्ही दोघं-चौघं तेवढे कोरे राहिलो. कोऱ्या शर्टाला राखीव म्हणतात. लागला तर काढायचा, नाही लागला तर पेटीच्या तळाशी पडू द्यायचा. बाकीचे तिथं सुखानं पडून असायचे. मी मात्र दर वेळी झाकण उघडलं की अंग आक्रसून वर सरकायचो.

माझा मालकही राखीवच होता. संघाचा दुसरा गोलरक्षक. पहिला ठणठणीत असेपर्यंत यानं बाकावर बसायचं, पाण्याच्या बाटल्या पुढं करायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. मित्र त्याला राखीव म्हणूनच हाक मारायचे. घरी त्याची मोठी बहीण, ताई, तीसुद्धा चिडली की म्हणायची, "बास झाला तुझा राखीवपणा, ताटावर ये." तो हसायचा. पण त्याचे गुडघे बाकावर बसल्याजागी सारखे हलत राहायचे. ते पुढं मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो.

अंतिम सामन्याच्या दिवशी संघ बसमधून निघाला आणि वाटेत सामान सांभाळणाऱ्या काकांच्या लक्षात आलं, की बारा नंबरचा शर्ट लाँड्रीतच राहिला. मग मला बाहेर काढलं. काकांनी चालत्या बसमध्ये सुईदोरा घेऊन माझ्या पाठीवर बारा शिवायला घेतला. एक झकास सरळ बसला. दोनाच्या वेळी बस दाणकन खड्ड्यात गेली आणि तो आकडा बोटभर खाली घसरला.

"उसवू का रे?" काकांनी विचारलं.

"राहू द्या काका. मी कुठं मैदानात उतरणार आहे?"

उतरला. सामना संपत आला असताना पहिल्या गोलरक्षकाचा खांदा निखळला आणि आम्हा दोघा राखिवांना हाक आली. लगेच समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मालकाचं काळीज माझ्या आतल्या बाजूला असं धडधडत होतं, की माझी शिवण उसवेल असं वाटलं. त्यानं डावीकडे झेप घेतली. कोपर खांबाला घासलं, माझी बाही टर्रकन फाटली, चेंडू बोटांना चाटून बाहेर गेला. गोलामागच्या फोटोग्राफरनं तेवढ्यात पाठमोरा फोटो काढला: फाटकं कोपर आणि वाकडा बारा. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे छापून आला.

पुढं काय? खांदा बरा झाला आणि माझा मालक परत बाकावर. असंच असतं. खेळ सुटल्यावर तो मोकळ्या मैदानात पोरापोरींना गोल अडवायला शिकवू लागला आणि तेव्हा मलाच घालायचा. वर्षानुवर्षं ऊन खाऊन माझा हिरवा रंग पार उडाला. पण ते माझे सगळ्यात चांगले दिवस.

घरात मात्र माझ्यावरून रोजची कटकट. ताई शिवणकाम करायची. तिची शिवण पट्टीनं आखल्यासारखी, सगळ्या गल्लीला ठाऊक. तिला तो वाकडा आकडा डोळ्यात सलायचा.

"दे इकडं, आत्ता सरळ करते. बहीण टेलर आणि भावाच्या पाठीवर हे! लोक मलाच नावं ठेवतात."

"ताई, हात लावायचा नाही."

"निदान कोपर तरी रफू करू दे."

"नाही म्हणजे नाही."

मग तो आजारी पडला आणि गेला. मी दाराच्या खुंटीवर लोंबकळत राहिलो. ताई येता-जाता बाही हातात धरायची आणि सोडायची. बाकी कुणी मला हात लावला नाही. मला वाटायचं, तो आत्ता येईल आणि मला डोक्यावरून ओढेल. अजूनही वाटतं.

काही काळानं क्लबनं जुन्या शर्टांचं दालन उघडायचं ठरवलं आणि त्या सामन्यातला शर्ट मागितला. ताई हरखून गेली. आणि नेमकी तिथंच चुकली. तिनं मला गरम पाण्यात भिजवलं, चोळलं, कोपर इतकं बेमालूम रफू केलं की शोधून सापडू नये, दोन उसवून एकाच्या रेषेत आणला आणि वरून कडक इस्त्री मारली. "आता चार लोकांत नीट जा," असं म्हणून माझ्या पाठीवर रडली. मी आतल्या आत ओरडत होतो. पण शर्टाचं कोण ऐकतं?

शर्ट तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर मला उलगडलं, तर शेजारी आणखी एक हिरवा शर्ट पसरलेला. मळका, कोपरावर फाटलेला, पाठीवर बारा आणि त्यातला दोन बोटभर खाली. हुबेहूब फोटोतला मी. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

तो आणणारा व्यापारी आरामात खुर्चीवर रेलला होता. "बाई, फोटो बघा आणि माझा माल बघा. यांचा शर्ट क्लबचा असेल, नाही कोण म्हणतंय? पण तो राखीव असणार. पेटीत पडून राहिलेला."

राखीव हा शब्द ऐकताच ताईचा चेहरा उतरला.

बाईंनी भिंग लावून दोघांची लेबलं वाचली, बिल्ल्यांचे टाके पाहिले, कापड उजेडात धरलं. "दोन्ही शर्ट क्लबचेच आहेत," त्या म्हणाल्या. "एकाच गठ्ठ्यातले. पण त्या सामन्यात यातला एकच होता. ताई, तुमच्या शर्टाचा आकडा सरळ कसा?"

"मी केला," ताई म्हणाली. "कोपरही मीच रफू केलं. असा फाटका कसा पाठवायचा?"

क्लबच्या चिटणिसांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, तुम्ही पुराव्यालाच इस्त्री केलीत."

ताईनं माझी बाही हातात धरली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं तो परत बाकावर बसणार?"

मला तेव्हा वाटलं, टेबलावरून उठावं आणि भिंतीवर डावीकडे झेप घेऊन दाखवावी.

बाई म्हणाल्या, "ताईंच्या दोनाखालून गडद कड डोकावतेय. दोन्ही शर्टांचा दोन उसवून बघायला लागेल."

व्यापारी कुरकुरला. चिटणीस म्हणाले, नको असेल तर शर्ट घेऊन जा. मग त्यानं शर्ट पुढं सरकवला. त्याच्या शर्टाचा दोन बाईंनी काढला. ताईनं मात्र मला जवळ ओढलं. "माझा टाका मीच काढते," म्हणाली आणि स्वतःचीच सुरेख शिवण ब्लेडनं एकेक टाका करून कापली.

त्या मळक्याच्या आकड्याखालीही तोच मळ निघाला, सगळीकडे सारखा. बाईंनी वास घेतला आणि किंचित हसल्या. "चहाचं पाणी. आधी मळवलाय, मग आकडा शिवलाय. अंगात घालून वापरलेला शर्ट आकड्याच्या भोवती मळतो, विटतो; आकड्याखाली कसा मळेल?"

आणि माझ्या पाठीवर? उडालेल्या फिकट रंगात एक गडद हिरवा दोन, कारखान्यातून आलो तेव्हाच्या रंगाचा, बोटभर खाली घसरलेला. कडेनं काकांच्या सुईची जुनी भोकं, बस हादरली तशी नागमोडी. ताईनं त्यावरून बोट फिरवलं.

"मलाही कुणीतरी फसवलंय," व्यापारी पुटपुटला आणि आपला शर्ट गुंडाळून चालता झाला. खरं सांगू, मला त्या भावंडाची कीव आली. त्यालाही मैदानच हवं होतं.

"आता हा आकडा?" चिटणिसांनी विचारलं.

ताईनं पिशवीतून सुईदोरा काढला, चष्मा पुसला आणि जुन्या भोकांतूनच टाके घालत दोन परत शिवला. बोटभर खाली. जिनं उभ्या आयुष्यात एक शिवण वाकडी जाऊ दिली नव्हती, तिनं भावासाठी मुद्दाम वाकडं शिवलं. रफू उसवू का, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "नको. कोपर तुमचं राहू दे."

आता मी इथं असतो. लोक येतात, काचेवर नाक टेकवतात, फोटो काढून निघून जातात. वारा नाही, घाम नाही, ऊन नाही. माझी बाही अजून डावीकडे झेपायला बघते आणि पिना तिला धरून ठेवतात. तुमच्या घरी एखाद्या गेलेल्या माणसाचं काही खुंटीवर असेल, तर त्याला नीटनेटकं करायची घाई करू नका. एवढंच मागणं आहे.

ताई अधूनमधून येते. माझ्या पाठीच्या बाजूला जाऊन उभी राहते, मान तिरकी करून तो दोन न्याहाळते. तिची बोटं पिशवीच्या बंदावर चुळबुळत राहतात, अजूनही. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून काचेला तोंड लावते आणि म्हणते, "राखिवा, हात नाही हो लावला."