तडतड्या

नवी सिस्टीम फुकट मिळत असताना छोटी नाही का म्हणते, हे घरात कोणालाच कळत नव्हतं.

छोटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पंचेचाळिशी उलटली तरी घरात तिचं नाव छोटीच. जन्मापासून तिला दिसत नव्हतं, पण डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट घरी बसून टाइप करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका कानात इअरफोन, त्यात डॉक्टर. दुसरा कान मोकळा, त्यात कॉम्प्युटर. स्क्रीनवर जे असेल ते कॉम्प्युटरमधला आवाज तिला वाचून दाखवायचा, तेही अशा वेगाने की जणू कढईत लाह्या फुटताहेत. वहिनीने त्याचं नाव ठेवलं होतं तडतड्या. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तो अकरा वर्षं तडतडत होता आणि छोटी सोडून त्याचं एक अक्षर कोणाला लागत नव्हतं.

आता कॉम्प्युटरवाल्यांनी नवी ऑपरेटिंग सिस्टीम काढली होती. जुनी आणखी वर्षभर चालली असती, पुढचा भरवसा नाही. दुरुस्तीवाला रविवारी येणार होता. तडतड्या नव्या सिस्टीमवर चालणार नाही, हे त्याने फोनवरच सांगून टाकलं.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचा, जुनं ते सोनं. आणि घरी जुनी वस्तू दिसली की त्याला चैन पडायचं नाही. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर नवा आवाज लावून दाखवला. एका बाईने मधाळ आवाजात उद्याचं हवामान वाचलं.

"ऐक! शेजारची बाईच बोलतेय असं वाटतं की नाही?"

"वाटतं खरं," छोटी म्हणाली.

"आता आम्हालाही सगळं कळेल. तुझं काही अडलं तर लगेच सांगता येईल."

छोटीने कारणं सांगितली. हा आवाज वेगात पळवला की अडखळतो, बटणं नव्याने पाठ करावी लागतील, कामाचा खोळंबा होईल. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही कारण खरं कारण नव्हतं.

ती सोळा वर्षांची असताना तिला एका मुलाचं पत्र आलं होतं. वाचलं दादाने, हसलं सगळं घर. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पत्र आपलं आणि आवाज दुसऱ्याचा, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. तडतड्या आला आणि पहिल्यांदा तिचं तिच्यापाशी राहू लागलं. दोन्ही कानांत इअरफोन घालता आले असते म्हणा. पण कान झाकले की तिला घर दिसेनासं व्हायचं, आणि आज एकदम कान का झाकलेस, असं विचारलं तर काय सांगायचं?

कारण गेले तीन महिने तिची आणि ऑफिसातल्या मैत्रिणीची मेल चालू होती. दोघींनी मिळून दोन खोल्या घ्यायच्या, स्वतंत्र राहायचं. घरात तिला कमी काहीच नव्हतं, हेच तर सांगायला अवघड होतं. आईवडील गेले तेव्हा दादा वीस वर्षांचा होता. छोटी शेवटपर्यंत माझ्याकडेच राहील, असं त्याने चार माणसांत सांगितलं आणि शब्द पाळला. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की चहाची डबी कुठल्या फळीवर ठेवायची हे मला एकदा तरी माझं मी ठरवायचंय?

शुक्रवारी दुपारी मेल आली. वहिनी पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तडतड्याने दोन श्वासांत सगळं वाचलं: खोल्या मिळाल्या, चौथा मजला, रस्त्याकडची मोठी खोली तू घे, मंगळवारपर्यंत हो की नाही कळव.

वहिनीने टॉवेल झटकला.

"रस्त्याकडची नको घेऊस. रात्रभर गाड्या. तुझी झोप ही अशी सावध."

छोटीची बोटं जागच्या जागी थांबली.

"तुला कळतं हे?"

"अकरा वर्षं कानाशी बडबडतोय. दगडालासुद्धा कळायला लागलं असतं."

"कधीपासून?"

"सहा-सात वर्षं झाली असतील. माझ्या चहाला तू काढा म्हणतेस, तेही ठाऊक आहे मला."

छोटीला आधी संतापच आला. "आणि चोरून ऐकत राहिलीस!"

"चोरून कसलं? माझं स्वयंपाकघर इथेच आहे. कान काय खुंटीला टांगून ठेवू?" वहिनी टॉवेल घेऊन जवळ आली. "बोलले असते तर तू गप्प झाली असतीस. या घरात तुला मोकळं व्हायला तेवढी एकच जागा होती गं. ती माझ्यामुळे कशाला जायला हवी?"

"दादाला सांगितलं नाहीस?"

"ते तू सांगायचंस. मी कोण सांगणार?"

छोटीला रडू फुटलं. आपलं गुपित कधी गुपित नव्हतंच याचं वाईट वाटत होतं, आणि सात वर्षं कोणीतरी ते आपल्यासाठी सांभाळलं याचं त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. वहिनीने हातातला टॉवेलच तिच्यापुढे केला.

"दुरुस्तीवाल्याला येऊ दे रविवारी," नाक पुसत छोटी म्हणाली.

रविवारी नवी सिस्टीम बसली. दुरुस्तीवाला गेल्यावर दादा खुर्ची ओढून बसला. सवयीप्रमाणे त्याच्या हातात कोणाचं तरी घड्याळ होतं, त्याची किल्ली कुरकुर फिरत होती.

"हं, वाच म्हणावं तुझ्या बाईला काहीतरी!"

छोटीने दोन दिवस वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. तिने आवाजाचा वेग अगदी कमी केला, शुक्रवारची मेल उघडली आणि हात मांडीवर ठेवले.

बाईने वाचलं. खोल्या मिळाल्या. चौथा मजला. एकेक शब्द स्वच्छ, शेजारच्या बाईने सांगावा तसा. किल्लीची कुरकुर मध्येच थांबली. वहिनी येऊन दादाच्या खुर्चीमागे उभी राहिली, ते छोटीला तिच्या बांगड्यांवरून कळलं. मेल संपली.

"फार भराभर बोलते ही," दादा म्हणाला. "जरा हळू कर. आणि परत लाव."

याहून हळू होतच नव्हतं. छोटीने मेल पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळीही दादाने शेवटपर्यंत ऐकलं आणि घड्याळ खिशात टाकलं.

"चौथा मजला म्हणते, आणि लिफ्टचं काही बोलतच नाही," तो म्हणाला. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. बघून घेऊ."