पाठीवरची फिकट रेघ

आम्ही सगळे गोठ्यापाशी जमलो होतो. वासराची तांबूस लव झडून आता काळेभोर केस उगवले होते, आणि त्या काळ्यातून मानेपासून शेपटीपर्यंत, धुक्यात विरलेल्या पायवाटेसारखी, एक फिकट रेघ उमटली होती. आमच्या गुरांच्या पाठीवर अशी रेघ नसते. ती रानवळूची.

आमची गुरे इथली नव्हेत. कुणा पणजीच्या पणजीने ती उगवतीच्या देशातून हाकत आणली, पुढच्या पिढ्यांनी दानू नदीच्या काठाकाठाने इथवर पोचवली. बुटकी, आखूड शिंगांची, माणसाच्या हाकेला वळणारी. नदीपलीकडचा वळू मात्र हाक ओळखत नाही. त्याचे रक्त कळपात शिरले की कुंपणाला अर्थ उरत नाही, असे वडीलधारी सांगत. म्हणून रेघ दिसताच ते वासरू हिवाळ्याआधी मारायचे.

"काय तामावैनी," शेजारचे वोरेनकाका आईला म्हणाले, "तुमची गाय रानात बोरं वेचायला गेली होती वाटतं!"

आईच्या हातात दगडी कुऱ्हाड होती.

"गेल्या उन्हाळ्यात फाटक कुणी उघडलं?" तिने विचारले.

"मी," ओनावहिनी म्हणाली.

वहिनी पलीकडच्या रानातली. तिच्या माणसांनी कधी गुरे बांधली नाहीत. मासे, हरणे आणि चालणे, एवढाच त्यांचा संसार. माझ्या भावाने तिला आणले तेव्हापासून मी पाहत आले होते: सांजवेळी पैलतीरावर वळू हंबरला की मडक्याच्या ओल्या मातीत बुडालेले तिचे हात थांबत, आणि चेहऱ्यावर असे काही पसरे, की मला माझ्याच घरात परके वाटे.

"तो रोज हाका मारायचा," ती म्हणाली. "गाय दाव्याला हिसडे द्यायची. तिलाही जायचं होतं."

"तिलाही?" आई म्हणाली. "आणि आणखी कुणाला?"

माझा भाऊ जमीन बघत राहिला. वहिनीने कडेवरचे बाळ सावरले.

"वासरू मारलंत तर गाय पान्हा सोडणार नाही, आई."

"कातड्यात गवत भरून पुढ्यात ठेवू. चाटेल नि सोडेल. आजवर सगळ्या फसल्यात."

मला ते ठाऊक होते. गवत भरलेल्या त्या पाठीवरून तासन्‌तास फिरणारी जीभ, आणि खाली मडक्यात पडणारी खरी, ऊन धार. त्या दिवसांत माझ्या घशाखाली दूध उतरत नसे.

"तुमची पहिली गाय कुठून आली हो?" वहिनीने एकाएकी विचारले. "आभाळातून पडली? उगवतीला रानं नव्हती?"

"बघा, पोर आता आपल्याला आपलीच गोष्ट शिकवतेय," काका पुटपुटले.

"होती रानं," आई म्हणाली. "पण ती गाय आम्ही आणली. हे आपणहून आलंय. आणलेलं वेगळं, आलेलं वेगळं."

"मला तर आणलंच होतं ना तुम्ही?"

"म्हणून तर तू घरात आहेस. तुला कुणी काही म्हटलंय का कधी?"

वहिनी कुंपणाजवळ गेली. वासराने तिच्या तळव्यावर ओले नाक टेकले, आणि त्याच्या आईने लांबून हुंकार दिला. वारा नदीवरून येत होता. पलीकडे काही हंबरले नाही. तरी आम्ही सगळेच, आईसुद्धा, क्षणभर कान देऊन होतो.

मग वहिनीने बाळाच्या डोक्यावरचे कातडे मागे सारले. सावळा चेहरा, आणि त्यात दानूच्या पाण्यासारखे निळे डोळे. आमच्या घरात असे डोळे कुणाचेच नाहीत. तिच्या भावांचे आहेत.

"हा आणलेला की आलेला, आई?"

बाळाने आजीकडे पाहून दोन्ही हात पुढे केले. आईची बोटे कुऱ्हाडीच्या दांड्यावर घट्ट झाली, मग सैल. तिने ती कुंपणाला टेकवून ठेवली, वासराकडे पाहिले नाही, बाळाकडेही नाही, आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागली.